वणव्यानंतर उत्तरेकडची माती कशी सावरते: खानापूर-बेळगावकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

शिमग्याच्या सुमारास जांबोटी-कणकुंबीकडच्या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसू लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. जूनमध्ये कॅनडातल्या धुराच्या बातम्या आल्या की पुन्हा वाजतो. मी बरीच वर्षे मृदाशास्त्र शिकवले. जुने विद्यार्थी, खानापूर तालुक्यातले भातकरी, मुले परदेशी असलेले आई-वडील, असे सगळेच विचारतात. तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत. ती मुख्यतः उत्तरेकडच्या जंगलांविषयी आहेत. आपल्या रानाला ती जिथे लागू पडत नाहीत तिथे तसे सांगितले आहे.

१. उत्तरेकडची जंगले म्हणजे कुठली? हिमाचल-काश्मीरची का?

नाही, त्याच्याही खूप वर. अलास्का, कॅनडा, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा सैबेरिया असा पृथ्वीच्या डोक्यावर बांधलेल्या पट्ट्यासारखा हा जंगलाचा पट्टा आहे. त्याला तैगा म्हणतात. स्प्रूस, पाइन, लार्च ही सूचिपर्णी झाडे आणि त्यांच्यामध्ये बर्च, अ‍ॅस्पेन ही पानगळीची झाडे तिथे असतात.

मातीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. तिथे पाचोळा कुजत नाही, साठतो. भीमगडच्या रानात ऐनाचे पान गळले की पहिल्याच पावसात त्याला बुरशी लागते, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचा मागमूस राहत नाही. तिकडे थंडी, आम्लता आणि डिंकाळ सुया यांमुळे तोच पाचोळा दशकानुदशके पडून राहतो. काळ्या स्प्रूसच्या जंगलात शेवाळ, सुया आणि अर्धवट कुजलेला थर मिळून वीतभर जाडी सहज होते, काही ठिकाणी त्याहून जास्त. जंगलाचे बहुतेक नत्र झाडांत नसून या थरात आणि त्याखालच्या मातीत असते. पुढची सगळी उत्तरे या थरावर उभी आहेत.

२. वणव्यात मातीतले नेमके काय जळून जाते आणि काय मागे राहते?

प्रत्येक अन्नद्रव्याची उडून जाण्याची उष्णता वेगळी असते. नत्र साधारण २०० अंश सेल्सिअसपासूनच वायुरूप होऊ लागते. गंधक ३७५ अंशांच्या आसपास जाते. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांना सुमारे ७७० अंश लागतात, मॅग्नेशियमला ११०० आणि कॅल्शियमला जवळजवळ १५००. जंगलातल्या आगीत जमिनीवरचा थर सहसा काहीशे अंशांपर्यंत तापतो. त्यामुळे सर्वांत जास्त फटका नत्राला बसतो, तर कॅल्शियम जवळजवळ पूर्ण राखेत उरते. स्फुरद आणि पालाशही बरेचसे उरतात, पण राखच वाऱ्याने उडाली किंवा पाण्याने वाहिली तर तेही गेले.

माती उष्णता खाली पोचू देत नाही, ओली असेल तर फारच कमी. वर भडका उडालेला असताना चार बोटे खाली मुळे जिवंत राहू शकतात. म्हणून किती क्षेत्र जळाले यापेक्षा थर किती खोल जळाला हे मी आधी विचारते.

३. नत्र उडून जाते म्हणता, मग जळालेल्या जागी एवढी जोमदार हिरवळ कशी येते?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर थोडे सावकाश वाचा.

घरात कणगी भरलेली आहे, पण तिचे तोंड लिंपून बंद केले आहे आणि रोज चिमूटभरच दाणे बाहेर येतात, असे समजा. न जळालेल्या उत्तरेकडच्या जंगलाची स्थिती अशी असते. नत्र भरपूर, पण सेंद्रिय पदार्थात अडकलेले. मुळांना उचलता येईल असे अगदी थोडे. आग कणगी फोडते. बरेचसे धान्य वाऱ्यावर जाते, पण काही जमिनीवर सांडते. ते सांडलेले धान्य म्हणजे अमोनियम. उष्णतेने सेंद्रिय पदार्थ तुटतात आणि मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या पेशी फुटतात, म्हणून ते आगीनंतर लगेच वाढलेले दिसते. पुढच्या काही महिन्यांत, कधी दुसऱ्या वर्षी, जिवाणू त्यातल्या काही भागाचे नायट्रेट करतात.

त्याच वेळी सावली गेलेली असते, काळी जमीन उन्हात तापते, तग धरलेले सूक्ष्मजीव जोरात काम करतात, आणि ते अन्न खायला जुनी झाडे उरलेली नसतात. राखेने आम्लताही उतरलेली असते. (प्रश्न ५ पाहा.) अशा जागी फायरवीड नावाचे जांभळ्या-गुलाबी फुलांचे रोपटे शेकडो एकर व्यापते. कॅनडाच्या युकॉन प्रदेशाचे ते अधिकृत फूल आहे.

म्हणजे एकूण साठा कमी झाला आणि हातात येणारा वाटा तेवढ्यापुरता वाढला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हा वाढीव वाटा फार तर काही वर्षे टिकतो. हिरवळ पाहून माती सुधारली असे म्हणणाऱ्यांनी साठा मोजलेला नसतो.

४. आम्ही तरवा भाजतो तेही हेच ना?

रसायन तेच, हिशेब वेगळा. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्यावर आपण शेणी, पातेरा (वाळला पाला), कवळं (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) असे दुसरीकडून आणून पसरतो आणि जाळतो. त्या चार गुंठ्यांत राख मिळते, माती भुसभुशीत होते, तणाचे बी मरते. पण राखेतला स्फुरद-पालाश ज्या रानातून पातेरा गोळा केला तिथला असतो. तरवा सुधारतो तेव्हा कुठेतरी डोंगर थोडा रिकामा होतो. लहानपणी आजीबरोबर डोक्यावरून कवळं आणताना हे कळत नव्हते, आता कळते.

उत्तरेशी खरे साम्य आपल्या जुन्या कुमरी शेतीचे आहे. रानाचा तुकडा तोडून जाळायचा, एक-दोन वर्षे नाचणी-वरी घ्यायची आणि जागा सोडून द्यायची. ब्रिटिश सरकारने एकोणिसाव्या शतकात कुमरीवर निर्बंध आणले. फिनलंडमध्ये हेच शतकानुशतके चालत होते. स्प्रूसचे रान जाळून राखेत राय पेरायचे, त्याला ते कास्की म्हणत. दोन्हीकडे कणीस भरायचे ते मधल्या पडीक वर्षांच्या जोरावर. ती वर्षे कमी झाली की पीक पडायचे.

५. राखेने सामू (pH) किती वाढतो आणि किती काळ टिकतो?

तिकडच्या वरच्या थराचा सामू अनेकदा ४ च्या आसपास असतो, म्हणजे चांगलीच आम्ल माती. जोरदार आगीनंतर तो एकाने किंवा त्याहून जास्त वाढू शकतो. सामू एकाने वाढला म्हणजे आम्लता दहा पटीने उतरली, त्यामुळे बदल मोठा आहे. मग पाऊस आणि वितळणारा बर्फ राखेतले क्षार खाली नेतात, नव्या सुया पडू लागतात आणि माती पुन्हा आम्ल होत जाते. याला काही वर्षांपासून काही दशकांपर्यंत वेळ लागतो. पालाश पाण्यात लवकर विरघळतो म्हणून आधी जातो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त रेंगाळतात.

६. मग गेलेले नत्र परत येते कुठून? तिथे युरिया कोण टाकतो?

दोन कामकरी आहेत. पहिले आल्डरचे झाड. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतले नत्र धरतात. हेच जिवाणू आपल्या समुद्रकाठच्या सुरूच्या मुळांवरही असतात. आल्डर जिथे दाट उगवतो तिथे नत्र लवकर भरून येते, पण तो सगळीकडे उगवत नाही.

दुसरे कामकरी जास्त नवलाचे. जंगलाच्या जमिनीवर पिसासारख्या पानांचे मऊ शेवाळ गालिच्यासारखे पसरते. त्याच्या पानांच्या बेचक्यांत निळे-हिरवे जिवाणू राहतात, आपल्या भातखाचरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे भाऊबंद. स्वीडनच्या उत्तरेकडे केलेल्या कामातून २००२ मध्ये दिसले की हे शेवाळ दर हेक्टरी वर्षाला साधारण दीड ते दोन किलो नत्र आणते.

दोन किलो ऐकून आपल्याला हसू येईल. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे एका पोत्याएवढे नत्र एका हेक्टरवर आणायला शेवाळाला दहा वर्षे लागतात. खोलवर जळालेल्या जागेतून हेक्टरी काहीशे किलो नत्र जाऊ शकते. आता हिशेब तुम्हीच करा. शिवाय हे शेवाळ आगीनंतर लगेच येत नाही. त्याला सावली लागते, म्हणून ते झाडे वर आल्यावरच पसरते आणि जंगल जुने होईल तसे त्याचे काम वाढते. पावसातूनही थोडे नत्र येते, पण मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या त्या भागात ते फारच कमी असते.

७. स्फुरदाबद्दल कोणी बोलत नाही. त्याचे काय होते?

स्फुरद हवेतून परत येत नाही, तो खडकातूनच झिरपतो आणि थंडीत खडक फार हळू झिजतो. त्यामुळे आगीतून वाचलेली राख जागेवर राहणे स्फुरदासाठी नत्रापेक्षाही महत्त्वाचे. राखेतला स्फुरद सुरुवातीला झाडांना मिळतो. नंतर त्याचा काही भाग कॅल्शियमशी आणि माती आम्ल होईल तसा लोह-अ‍ॅल्युमिनियमशी बांधला जातो. जांभ्याच्या तांबड्या जमिनीत सुपर फॉस्फेट टाकून पिकाला पुरेसा का पोचत नाही असे विचारणाऱ्यांना हे लोहाचे बंधन ओळखीचे असेल.

८. पहिल्या वर्षापासून शंभराव्या वर्षापर्यंत काय काय घडते, थोडक्यात सांगाल का?

पहिली दोन-चार वर्षे राखेची आणि सुट्या अमोनियम-नायट्रेटची. फायरवीड, गवत, अ‍ॅस्पेनचे फुटवे ते वेचून घेतात. न वेचलेले ओढ्यांत जाते. पुढची वीस-तीस वर्षे झुडपे आणि पानगळीच्या झाडांची. त्यांचा पाला सुयांपेक्षा लवकर कुजतो, म्हणून अन्नाचे चक्र त्यातल्या त्यात वेगाने फिरते. चाळिशी-पन्नाशीनंतर सूचिपर्णी झाडे डोके वर काढतात, जमीन सावलीत जाते, शेवाळ पसरते. इथून थर पुन्हा जाड होऊ लागतो. एकूण नत्र वाढत जाते आणि सुटे नत्र कमी होत जाते. शंभरीच्या पुढे कणगी भरलेली आणि तोंड लिंपलेले, अशी पहिल्यासारखी अवस्था येते. काळ्या स्प्रूसच्या अलास्कातल्या जंगलांत दोन आगींमधले अंतर साधारण ७० ते १३० वर्षांचे राहत आले आहे. वर्षांचे आकडे जागेप्रमाणे बदलतात, क्रम सहसा हाच राहतो. अपवादांसाठी प्रश्न १२ पाहा.

९. आग लागलीच नाही तर माती आणखी आणखी सुपीक होत जाईल, बरोबर?

मलाही विद्यार्थिदशेत असेच वाटायचे. स्वीडनच्या उत्तरेला होर्नावान आणि उद्द्यौर अशी दोन सरोवरे आहेत. त्यांत कित्येक बेटे आहेत, सगळ्यांवर जंगल, आणि माणसाचा हस्तक्षेप नगण्य. मोठ्या बेटावर वीज पडण्याची शक्यता जास्त, म्हणून मोठी बेटे अधूनमधून जळत आली. लहान बेटांपैकी काहींवर सुमारे ५००० वर्षांत आग लागलेली नाही. एकाच हवेत, एकाच खडकावर, आगीपासूनचा काळ मात्र वेगवेगळा. निसर्गाने मांडलेला एवढा स्वच्छ प्रयोग क्वचित सापडतो.

संशोधकांनी ही बेटे मोजली तेव्हा लहान, न जळालेल्या बेटांवर ह्यूमसचा (कुजलेल्या पाल्याचा) थर सर्वांत जाड आणि झाडे सर्वांत खुरटी निघाली. तिथे पाला कुजण्याचा वेग मंद, नत्र आणि स्फुरद साठलेले पण झाडाच्या हाती न लागणारे. म्हणजे फार लांबलेली शांतताही त्या मातीला मानवत नाही. पण हा काळ हजारो वर्षांचा आहे. आपल्या डोंगराला दर मार्चमध्ये काडी लावण्याचे समर्थन यातून कोणी काढत असेल तर त्याने प्रश्न १५ वाचावा.

१०. जळालेल्या रानातल्या कोळशाचा काही उपयोग होतो का?

होतो. कोळसा सहज कुजत नाही, शेकडो वर्षे मातीत राहतो. तिकडच्या जुन्या जंगलात काही झुडपे पाण्यात उतरणारी फिनॉलजातीय द्रव्ये सोडतात. त्यांनी रोपे खुरटतात आणि नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते. ताजा कोळसा ही द्रव्ये शोषून घेतो. ही ताकद दशकानुदशके टिकते आणि मग हळूहळू संपते. कोळसा स्वतः मात्र खत नाही.

११. आगीत जमिनीतली बुरशी मरते का? आमच्याकडे वारुळावर अळंबी येते, तिचा याच्याशी संबंध आहे का?

अळंबीचा संबंध नाही. तिला वाळव्या वारुळात पोसतात. स्प्रूस-पाइनच्या मुळांवरची बुरशी वेगळी. ती झाडाची साखर घेते आणि बदल्यात नत्र-स्फुरद आणून देते. त्या मातीत तिच्याशिवाय रोप धड उभे राहत नाही. खोल आगीत वरच्या थरातली ही बुरशी आणि तिचे यजमान झाड, दोन्ही मरतात. खालच्या मातीतल्या तंतूंतून, बीजाणूंतून आणि वाचलेल्या झाडांच्या मुळांवरून ती परत येते. पहिल्या काही प्रजातींची वस्ती लवकर होते, जुन्या जंगलातली विविधता भरून यायला दशके लागतात.

१२. जंगल नेहमी पहिल्यासारखेच परत येते का? आणि आग लवकर पुन्हा लागली तर?

नेहमी येत नाही. काळ्या स्प्रूसच्या बोंडांवर राळ असते. आगीने ती सुटते आणि बी जळालेल्या थरावर पडते. थोडा थर उरला असेल तर स्प्रूस पुन्हा येतो. थर पूर्ण जळून खनिज माती उघडी पडली तर वाऱ्याने येणारे अ‍ॅस्पेन आणि बर्चचे बी बाजी मारते. अलास्कात २००४ मध्ये सुमारे २७ लाख हेक्टर जळाले आणि अनेक ठिकाणी स्प्रूसच्या जागी पानगळीची झाडे आली. तिथे मातीतला थर पातळ राहतो, अन्नाचे चक्र वेगाने फिरते, आणि कर्ब जमिनीऐवजी लाकडात जास्त साठतो.

दोन आगींमधले अंतर कमी झाले तर प्रकरण गंभीर होते. नवी झाडे बी धरण्याआधीच जळतात. शिवाय प्रश्न ६ मधला संथ भरणा पूर्ण झालेला नसतो आणि पुन्हा उचल होते. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात २०१४ च्या आगींनंतर दिसले की ६० वर्षांहून कमी वयाच्या, कोरड्या जागेवरच्या जंगलांत आग मागच्या आगीतून वाचलेल्या जुन्या कर्बापर्यंत पोचली. आणि २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळाले, महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे. हा आकडा पाहिला की मला झाडांपेक्षा खालच्या थराची काळजी जास्त वाटते.

१३. तिथली जमीन खाली गोठलेली असते म्हणतात. आगीने तीही वितळते?

काही भागांत वर्षभर गोठलेली जमीन असते, आणि शेवाळाचा थर तिच्यावर घोंगडीसारखा असतो. घोंगडी जळाली, पृष्ठभाग काळा झाला, की उन्हाळी वितळण पुढची कित्येक वर्षे अधिक खोल जाते. गोठून पडलेले नत्र आणि कर्ब सुटतात. बर्फ जास्त असेल तिथे जमीन खचते. शेवाळ परतले तर बऱ्याच जागा पुन्हा थंड होतात. काही आगी तर या जाड थरात हिवाळाभर बर्फाखाली धुमसत राहतात आणि वसंतात पुन्हा वर येतात.

१४. मुलगा कॅनडात एडमंटनला असतो. जवळच्या जळालेल्या भागातली राख परसबागेत टाकू का, असे विचारतोय.

निव्वळ लाकडाची राख असेल तर पातळ थरात टाकता येईल, पण माती आधीच अल्कधर्मी असेल तर नको. बटाटा आणि ब्लूबेरीच्या वाफ्यात नकोच. घरे जळालेल्या ठिकाणच्या राखेला अजिबात हात लावू नये. कॅनडातल्याच फोर्ट मॅकमरेला २०१६ च्या वणव्यात सुमारे २४०० इमारती जळाल्या. अशा राखेत रंग, तारा, प्रक्रिया केलेले लाकूड यांतून शिसे, आर्सेनिक येऊ शकते, जुन्या घरांतून अ‍ॅस्बेस्टॉसही.

इकडे चुलीची राख वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: ती युरिया किंवा अमोनियम सल्फेटबरोबर एकत्र करू नका. नत्र अमोनिया होऊन उडते.

१५. मग आमच्या भीमगड-चोर्ल्याच्या बाजूला वणवा लागला तर गवत चांगले येते, हे खरे की खोटे?

कोवळे फुटवे लवकर दिसतात, एवढे खरे. कारण प्रश्न ३ मध्ये आहे. पण उत्तरेतली दोन गोष्टींची साथ इथे नाही.

एक, इथे जाड थर नाही. पाचोळा वेगाने कुजतो, त्यामुळे साठा वीतभर थरात नसून उभ्या झाडांत आणि वरच्या बोटभर मातीत असतो. तोच दर वर्षी जाळला तर कणगीत भरायला काही उरत नाही. दुसरे, आग मार्च-एप्रिलची आणि पाऊस जूनचा. कणकुंबीसारख्या ठिकाणी मृगाचा पहिला मारा उघड्या उतारावर बसतो आणि राख म्हादई-मलप्रभेच्या पाण्यात जाते. उत्तरेत बर्फ हळू वितळतो, तरी तिथेही काही वाहून जातेच. इथल्या पावसाशी त्याची तुलना होत नाही.

ऐन, साग अशी जाड सालीची मोठी झाडे वाचतात, पण रोपे वाचत नाहीत. दर वर्षी आग लागणाऱ्या डोंगरावर म्हातारी झाडे आणि गवत, मधल्या वयाचे काहीच नाही, असे चित्र तुम्ही स्वतः पाहिले असेल. शिवाय तिकडच्या पुष्कळ आगी विजेने लागतात, इथल्या जवळजवळ सगळ्या माणसाच्या हाताने. मार्च २०२३ मध्ये सीमेपलीकडे गोव्याच्या म्हादई अभयारण्यात दिवसेंदिवस आगी चालल्या, तेव्हा आपल्या बाजूलाही धास्ती होती. अभयारण्यात आग लावणे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० प्रमाणे गुन्हा आहे, आणि भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे.

१६. आमच्या शेताच्या वरचा माळ यंदा जळाला. माती तपासून बघायची आहे, नमुना कसा घेऊ?

पहिल्या पावसाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा घ्या. जळालेल्या जागेचा एक आणि त्याच उतारावर, त्याच मातीच्या न जळालेल्या जागेचा एक. दुसरा नसेल तर पहिल्याला अर्थ राहत नाही. वरची राख पत्र्याने खरवडून वेगळ्या पिशवीत भरा, मातीत मिसळू देऊ नका. मग दोन बोटे खोलीपर्यंतची माती वेगळी आणि त्याखालची वीतभर वेगळी. प्रत्येक जागी आठ-दहा ठिकाणांहून थोडी थोडी घेऊन मिसळा, सावलीत वाळवा आणि पिशवीवर तारीख लिहा. सामू, सेंद्रिय कर्ब आणि नत्र-स्फुरद-पालाश एवढे तपासून मागा. यंदाच्या अहवालात स्फुरद-पालाश वाढलेले दिसले तर हुरळून जाऊ नका. पुढच्या दोन वर्षी त्याच जागेचा नमुना घ्या आणि तिन्ही कागद शेजारी ठेवून सेंद्रिय कर्बाचा रकाना आधी वाचा.